ख्रिस्तमंदिरातली परकी : 'कार्निव्हल ऑफ सोल्स'

भुताखेतांच्या चित्रपटावर एका धर्मगुरूने लेख लिहावा, हे काही वाचकांना रुचणार नाही याची मला कल्पना आहे. "फादर, असले सिनेमे मुलांना पाहू द्यावेत का?" हा प्रश्न पालक नेहमी विचारतात आणि मी 'नको' म्हणून मोकळे व्हावे, अशी त्यांची अपेक्षा असते. पुष्कळ भयपटांच्या बाबतीत तसे म्हणणे योग्यही आहे. रक्तामांसाचा चिखल आणि देवाधर्माची टिंगल यांपलीकडे त्यांत काही नसते. परंतु भय ही क्षुद्र भावना नव्हे. माणूस कशाला भितो यावरून त्याचा जीव कशात गुंतला आहे ते कळते. म्हणून भयपटाला विचारायचा खरा प्रश्न एवढाच, की तू मला कशाचे भय दाखवलेस? बहुतेक चित्रपटांचे उत्तर 'मुखवट्याचे' असे येते आणि ते भय दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरून जाते. ज्या एका जुन्या, निर्धन चित्रपटाविषयी मी लिहीत आहे, त्याचे उत्तर निराळे आहे. वेदीपासून चार पावलांवर एक माणूस बुडत असावा आणि वेदीजवळ उभ्या असलेल्यांना तो दिसू नये, याचे भय त्याने मला दाखवले. ते अद्याप ओसरलेले नाही.

'कार्निव्हल ऑफ सोल्स', म्हणजे आत्म्यांची जत्रा, हा कृष्णधवल अमेरिकन चित्रपट १९६२ साली प्रदर्शित झाला. त्याचा दिग्दर्शक हर्क हार्वी हा हॉलीवूडचा माणूस नव्हता. कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावी 'सेन्ट्रॉन' नावाची संस्था होती; शाळांसाठी शैक्षणिक आणि कारखान्यांसाठी माहितीपर लघुपट काढणे हा तिचा व्यवसाय. हार्वी तिथे नोकरीला होता. पटकथा लिहिणारा जॉन क्लिफर्ड हा त्याचा तिथलाच सहकारी. एकदा मोटारीने प्रवास करीत असताना युटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवराच्या काठी हार्वीला एक ओसाड, घुमटाकार मनोरंजनगृह दिसले. त्याचे नाव सॉल्टेअर. गमतीची गोष्ट अशी की, १८९३ साली हे गृह उभारण्यात मॉर्मन पंथाच्या धर्मसंस्थेचाच हात होता. आपल्या लोकांना सभ्य, निर्मळ करमणूक मिळावी, हा तिचा हेतू. १९२५ मध्ये ते जळाले, पुन्हा बांधले गेले, तिथे भव्य नृत्यगृह आले. पुढे सरोवराचे पाणी मागे हटत गेले आणि १९५८ मध्ये ते बंद पडले. कोरड्या पडलेल्या खारट जमिनीवर उभी असलेली ती रिकामी वास्तू पाहून हार्वीच्या मनात एक दृश्य तरळले : मृत माणसे पाण्यातून वर येतात आणि इथे नाचतात. त्या एका दृश्याभोवती पुढची सारी कथा रचली गेली.

सुमारे ३३,००० डॉलरचे भांडवल, नोकरीतून काढलेली तीन आठवड्यांची रजा आणि मोजकी माणसे, एवढ्या बळावर चित्रीकरण पार पडले. नायिका कॅन्डिस हिलिगॉस हिने अभिनयाचे रीतसर शिक्षण घेतले होते. इतर बरीच मंडळी स्थानिक होती. पांढऱ्याफटक चेहऱ्याचा तो भयप्रद पुरुष तर स्वतः हार्वीनेच रंगवला. चित्रपट आला तेव्हा फारशा कोणी त्याची दखल घेतली नाही, वितरक बुडाला आणि दिग्दर्शकाला पुन्हा पूर्ण लांबीचा कथापट काढता आला नाही. मात्र रात्री उशिरा दूरचित्रवाणीवर तो लागत राहिला, लोकांच्या मनात रुतून बसला आणि १९८९ मध्ये चित्रपटगृहांत नव्याने प्रदर्शित होऊन त्याचा गौरव झाला. हार्वी १९९६ साली निवर्तला. आपल्या एकुलत्या एका अपत्याचे कौतुक त्याला जिवंतपणी पाहता आले, हे समाधान.

कथा सांगताना शेवटही सांगावा लागेल. साठ वर्षांहून जुन्या कलाकृतीच्या बाबतीत वाचक एवढी मोकळीक देतील असे धरून चालतो. मेरी हेन्री ही तरुण ऑर्गनवादक दोन मैत्रिणींबरोबर मोटारीतून चालली आहे. दुसऱ्या मोटारीतील तरुण शर्यतीचे आव्हान देतात. अरुंद पुलावर धक्का लागतो आणि मुलींची मोटार कठडा तोडून नदीत कोसळते. तीन तास शोध घेऊनही गढूळ पाण्यात काही सापडत नाही. लोक हताश झालेले असताना मेरी एकटीच चिखलाने माखून वाळूवर चढून येते. ती कशी वाचली, हे तिला सांगता येत नाही. थोड्याच दिवसांत ती युटामधील एका ख्रिस्तमंदिरात ऑर्गनवादक म्हणून रुजू होण्यास निघते. वाटेत मोटारीच्या काचेत तिला एक पांढरा, हसरा, मेलेला चेहरा दिसतो. तो पुढे तिचा पिच्छा सोडत नाही. सॉल्टेअरची ती ओसाड वास्तूही तिला बोलावत राहते. मधूनच असे घडते की, जगातले सारे आवाज बंद होतात. ती दुकानात बोलते, रस्त्यावर माणसांना विनवते, पण कोणाला ती दिसत नाही, ऐकू येत नाही. शेवटी ती त्या वास्तूत जाते. तिथे मृतांचे नृत्य चालू असते आणि त्यात स्वतः तीच नाचत असते. ती पळते, ते तिला वाळूवर गाठतात. दुसऱ्या दिवशी वाळूत तिची पावले मध्येच थांबलेली आढळतात. आणि तिकडे कॅन्ससच्या नदीतून बुडालेली मोटार वर काढली जाते. आत तिघीही आहेत. मेरीही.

भुताचा चित्रपट म्हणून पाहिला तर शेवटचा हा धक्का आज चतुर प्रेक्षकाला आधीच ओळखता येईल. अमेरिकन लेखक अ‍ॅम्ब्रोझ बिअर्सने १८९० साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध कथेत मरणाच्या क्षणी माणसाला सुटकेचा भास होतो. त्या कथेशी याचे नाते उघड आहे. परंतु साऱ्या चित्रपटाला 'मरणाऱ्या मुलीचा भास' म्हणून निकालात काढणे मला पटत नाही. वाळूतली ती पावले पाहायला पाळक, डॉक्टर आणि पोलीस येतात, त्या वेळी मेरी तिथे नसते. जे तिला दिसत नाही ते तिचा भास कसा म्हणावा? दिग्दर्शकाने तो प्रसंग मुद्दाम ठेवला आहे. ज्यांच्यामध्ये ती वावरली, ती माणसे खरी आहेत. आणि ती त्यांच्यामध्ये वावरली हेही खरे आहे. मग प्रश्न उरतो तो असा, की मेलेली एक मुलगी जिवंतांमध्ये इतके दिवस राहिली, तरी ती मेलेली आहे हे कोणालाच कसे कळले नाही?

उत्तर साधे आहे. ती आपले काम नीट करीत होती.

चित्रपटाचे मर्म मला इथे दिसते. मेरी ऑर्गन उत्तम वाजवते. मात्र चर्चमधले वादन ही आपल्यासाठी केवळ नोकरी आहे, हे ती सुरुवातीपासून मोकळेपणाने सांगते. ऑर्गनच्या कारखान्यातला तिचा वडीलधारा परिचित तिला निरोप देताना सुचवतो की, हाताबरोबर थोडा जीवही वाद्यात ओतत जा. ते तिला कळत नाही, किंवा कळले तरी भिडत नाही. नव्या गावी पाळक तिचे स्वागत करतो, मंडळींशी ओळख व्हावी म्हणून छोटासा समारंभ ठेवू म्हणतो. ती नको म्हणते. माणसांपासून असे तुटून राहता यायचे नाही, असे तो सौम्यपणे बजावतो आणि विषय तिथेच संपतो. कारण तेवढ्यात ती वाद्याशी बसते, सूर घुमतात आणि पाळक प्रसन्न होतो. उपासनेसाठी जे हवे होते ते मिळाले. ते देणाऱ्या व्यक्तीची चौकशी पुढे कधीतरी करता येईल!

हा पाळक दुष्ट नाही, हे ध्यानात घ्यावे. धर्मसेवकांची चेष्टा करण्याचा सोपा मोह लेखक-दिग्दर्शकांनी टाळला आहे. तो सभ्य आहे, कर्तव्यदक्ष आहे. मेरीला ती ओसाड वास्तू पाहावीशी वाटते तेव्हा तो तिला आपल्या मोटारीतून तिथवर नेतो. आत जाण्यास बंदी असल्याने कुंपण ओलांडायचे मात्र नाकारतो. हा चांगला माणूस नियमाच्या कुंपणापर्यंत तिच्यासोबत जातो. तिची ओढ मात्र कुंपणापलीकडची आहे.

इतरही माणसे तशीच. घरमालकीणबाई तिच्या गरम पाण्याची आणि खाण्यापिण्याची विचारपूस करते. तिच्या मनाची करीत नाही. शेजारच्या खोलीतला जॉन लिंडन तिच्यावर नजर ठेवून असतो. त्याला तिचा सहवास हवा असतो तो केवळ वासनेपोटी आणि ती भयाने थरथरू लागताच तो पाय काढता घेतो. डॉक्टर तिला आपल्या खोलीत नेतो, तिच्या भीतीची नीट चिरफाड करतो आणि तिला तिच्या तर्कासह पुन्हा रस्त्यावर सोडतो. चौघांपैकी प्रत्येकाजवळ तिला देण्यासारखे काही ना काही आहे. कोणी खोली देतो, कोणी नोकरी, कोणी सल्ला. तिच्याजवळ थांबणारा एकही नाही.

आता या चित्रपटातील सर्वांत महत्त्वाच्या प्रसंगाकडे येतो. एके संध्याकाळी मेरी रिकाम्या ख्रिस्तमंदिरात सराव करीत आहे. वाजवता वाजवता तिचे भान हरपते. स्तोत्राचे नेमस्त सूर वळण सोडतात. वेडेवाकडे, घुमणारे, जत्रेतल्या चक्रपाळण्याची आठवण करून देणारे संगीत उमटू लागते. जीन मूर याने या चित्रपटाचे सारे संगीत ऑर्गनवरच रचले आहे आणि त्यामागची जाण विलक्षण आहे. ऑर्गन हे उपासनेचे वाद्य आहे, तसेच ते पाश्चात्य देशांत जत्रेचे आणि मूकपटांच्या काळी चित्रपटगृहाचेही वाद्य होते. वेदी आणि जत्रा यांच्यामध्ये केवळ वाजवणाऱ्याच्या जिवाचे अंतर आहे, हे कानांना पटवून देणारे याहून समर्थ संगीत मी क्वचितच ऐकले आहे. मेरीच्या डोळ्यांसमोर मृतांचे नृत्य उभे राहते, तो पांढरा पुरुष हात पुढे करून तिच्याकडे येतो, आणि त्याच क्षणी तिच्या हातांवर हात पडतात ते पाळकाचे. ही विटंबना आहे, असे तो संतापाने म्हणतो. तिच्या आत्मशून्यतेची आपल्याला कीव येते, असेही सांगतो आणि सदसद्विवेकाला स्मरून तिचा राजीनामा मागतो. चर्च तिच्याकडे पाठ फिरवणार नाही, इथे तिला साहाय्य मिळू शकेल, असेही तो जोडून देतो. पण नोकरी काढून घेतल्यानंतर देऊ केलेले साहाय्य घ्यायला कोण थांबणार? ती निमूटपणे निघून जाते.

हा प्रसंग मी तीन वेळा पाहिला. पहिल्या वेळी पाळकाचे मला पटले. उपासनेची विटंबना कोणताही धर्मसेवक सहन करणार नाही. दुसऱ्या वेळी एक गोष्ट खटकली. मेरीचे आधीचे वादन निर्दोष होते आणि पूर्णपणे रिते होते. ते त्याला आवडले. आज प्रथमच तिचे हात आणि तिचा जीव एकत्र आले होते. आज प्रथमच ती जे भोगत होती तेच वाजवत होती. ते सूर भेसूर होते, कारण तिचे भोगणे भेसूर होते. पण ते खोटे नव्हते. १३०वे स्तोत्र आपण मृतांसाठी म्हणतो. खोल गर्तेतून देवाला मारलेली ती हाक आहे. गर्तेतून येणारी हाक सुरात असेलच असे नाही. पाळकाने रिते सूर स्वीकारले आणि भरलेले सूर फेटाळले. मेरीने त्या ख्रिस्तमंदिरात केलेली एकुलती एक प्रार्थना त्याने विटंबना समजून थांबवली.

आपण कॅथलिक आहोत. हा पाळक आपल्या ख्रिस्तसभेचा नाही, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. हा चित्रपट आला त्याच वर्षी, म्हणजे १९६२च्या ऑक्टोबरात, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला आरंभ झाला आणि पुढच्या वर्षी ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान जाहीर झाले. त्यात ऑर्गनचा मोठा गौरव आहे. पण त्याच संविधानाचा खरा आग्रह आहे तो भाविकांच्या पूर्ण, जाणत्या आणि सक्रिय सहभागाविषयी. सहभाग म्हणजे काम वाटून देणे, असा सोयीचा अर्थ आपण लावला. वाचन कोणी करायचे, अर्पणे कोणी आणायची, पेटी कोण वाजवणार, याच्या याद्या तयार झाल्या की आपला धर्मग्राम जागृत झाला! यादीत नाव असलेल्या माणसाचे अंतरंग कोणत्या नदीच्या तळाशी पडले आहे, हे पाहायला रविवारी वेळ नसतो.

तिसऱ्या वेळी हा प्रसंग पाहताना मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली. ती लिहावी की नाही, याचा मी विचार केला. पण समीक्षकाने दुसऱ्याचे दोष मोजावेत आणि स्वतःचा लपवावा हे बरे नव्हे. मी नव्यानेच धर्मगुरू झालो होतो, त्या काळी आमच्या गायनवृंदात एक तरुण कीबोर्ड वाजवत असे. हात अतिशय सुरेख. एके दिवशी सरावानंतर तो थांबला आणि म्हणाला, "फादर, मला हल्ली वाजवता येतं, पण प्रार्थना करता येत नाही. मी काय करू?" मी सेमिनरीतून ताजा बाहेर पडलेला, उपासनेचे पावित्र्य मला तोंडपाठ होते. मी त्याला सांगितले की, मन ठिकाणावर येईपर्यंत त्याने वादनापासून दूर राहावे. मला वाटले, मी त्याच्या विवेकाचा आदर केला. त्याने मान हलवली, वाद्यावर कापड घातले आणि तो गेला. पुढे तो नोकरीनिमित्त दूर गेला. त्याची आई अजून मिस्साला येते. त्याच्याविषयी ती मला काही सांगत नाही आणि मीही विचारायला धजत नाही. तो मुलगा माझ्याकडे साहाय्य मागायला आला होता, हे समजायला मला वीसहून अधिक वर्षे आणि एक भुताचा चित्रपट लागला. तो खोटे बोलला असता, तर आजही वाजवत असता. प्रामाणिकपणाबद्दल मी त्याला शिक्षा केली.

असो. चित्रपटाचे दोषही सांगितले पाहिजेत. काही पात्रांचा अभिनय कच्चा आहे. मागाहून भरलेले संवाद कित्येक ठिकाणी ओठांशी जुळत नाहीत. डॉक्टरचा प्रसंग शब्दबंबाळ झाला आहे. जे त्या नीरव दृश्यांनी आधीच सांगितले, तेच तो पुन्हा समजावत बसतो. लिंडनचे चोरून पाहणे आणि लगट करणे आवश्यकतेहून लांबले आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एकटी राहणारी, पुरुषाची गरज न भासणारी, स्वतःच्या कमाईवर जगणारी तरुणी म्हणजे जणू जिवंतपणीच मेलेली, असा अर्थ कोणी या कथेतून काढू शकेल. तो अर्थ आपण स्वीकारता कामा नये. एकटे राहणे म्हणजे एकाकी असणे नव्हे. तसे असते तर आपल्या धर्मभगिनींचे आणि आम्हा धर्मगुरूंचे जीवन व्यर्थच म्हणावे लागले असते. मेरीने लग्न केले नाही हे तिचे दुःख नाही. कोणाचे जगणे तिला स्पर्श करीत नाही आणि तिचे कोणाला, हे तिचे दुःख आहे.

या दोषांपुढे चित्रपटाची निर्धनता मात्र दोष ठरत नाही. उलट तीच त्याचे वैभव बनली आहे. यंत्रतंत्राच्या करामती करायला पैसाच नव्हता. म्हणून भयासाठी वापरले काय, तर चेहऱ्यावर फासलेला पांढरा रंग, एक रिकामी इमारत आणि निःशब्दता. कापडाच्या दुकानात मेरी पोशाख बदलून बाहेर येते आणि अचानक कोणताही आवाज येत नाही. विक्रेती तिच्याकडे पाहत नाही. ध्वनिपट्टी बंद करायला पैसा लागत नाही! पण त्या एका क्षणात परकेपणाचा जो अनुभव येतो तो लाखो डॉलरच्या चित्रपटांना साधलेला नाही. मग उद्यानात झाडावरच्या पाखराची किलबिल ऐकू येते आणि जग पुन्हा जिवंत होते. त्या किलबिलीने माझ्या डोळ्यांत पाणी आले. विधवेच्या दोन नाण्यांचे मोल जाणणाऱ्या आपल्या समाजाला या मिळकतीचे मोल वेगळे सांगायला नको.

श्रद्धेच्या दृष्टीने काय? मृतात्मा असा जिवंतांमध्ये भटकतो, असे ख्रिस्तसभा शिकवत नाही. मरणाबरोबर प्रत्येकाचा निवाडा होतो आणि पुढचा मार्ग देवाच्या न्यायाचा व दयेचा असतो. म्हणून या कथेला धर्मशिक्षण समजू नये, दृष्टांत समजावे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण-ग्रंथात नरकाचे वर्णन करताना मुख्य भर दिला आहे तो देवाच्या व संतांच्या सहवासातून स्वतःला कायमचे वगळून घेण्यावर. मेरीचे जग त्या वर्णनाच्या जवळ जाते. तिथे आग नाही, पिशाच्चांचे चाबूक नाहीत. तिथे केवळ कोणाचा आवाज पोहोचत नाही.

शीर्षकातला 'कार्निव्हल' हा शब्दही आपल्याला परका नाही. गोव्यातील आपल्या बांधवांना उपवासकाळाच्या आधीचे ते इंत्रुज चांगले ठाऊक आहे. कार्निव्हलला अर्थ येतो तो त्याला शेवट असतो म्हणून. मंगळवारी नाच थांबतो, बुधवारी कपाळाला राख लागते. आपण माती आहोत हे ऐकून माणूस पास्काच्या वाटेला लागतो. सॉल्टेअरमधला कार्निव्हल संपतच नाही. त्यानंतर राखेचा बुधवार येत नाही, म्हणून ईस्टरही येत नाही. या चित्रपटात पुनरुत्थान नाही, आणि त्याच्या काळोखाचे कारण नेमके तेच आहे. हार्वीला हे अभिप्रेत होते, असा माझा दावा नाही; पण विश्वासू प्रेक्षकाला ती पोकळी जाणवल्याशिवाय राहणार नाही.

आता पालकांच्या प्रश्नाचे उत्तर. लहान मुलांना हा चित्रपट दाखवू नये. दहावीच्या पुढील मुलांबरोबर आईवडिलांनी तो एकत्र बसून अवश्य पाहावा. अमेरिकेत तो स्वामित्वहक्कातून मुक्त झालेला असल्याने मिळायला कठीण नाही आणि त्याची लांबी दीड तासाहूनही कमी आहे. पाहून झाल्यावर भूत खरे की खोटे, यावर वाद घालू नये. आपल्या घरात, आपल्या गायनवृंदात, आपल्या शेजारी मेरी कोण आहे, एवढेच एकमेकांना विचारावे. नोव्हेंबर महिन्यात आपण स्मशानात जाऊन मृतांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. ती परंपरा थोर आहे. पण दरवेळी वेळेवर येणारा, आपले काम चोख करणारा आणि कोणाशी न बोलता निघून जाणारा माणूसही त्या महिन्यात आपल्याला दिसावा.

शेवटच्या प्रसंगाआधी पाळक त्या खारट वाळूवर उभा आहे. ज्या कुंपणापाशी तो पूर्वी थांबला होता, ते आज त्याने ओलांडले आहे. हरवलेल्या मेंढराच्या शोधात तो आला खरा. सोबत डॉक्टर आहे, पोलीस आहेत. समोर पावलांची रांग आहे आणि ती मध्येच संपते. तो त्या रिकाम्या वाळूकडे पाहत राहतो. तिथून पुढे त्याने काय केले, हे चित्रपट सांगत नाही. मी मात्र पुढच्या रविवारी मिस्सानंतर त्या मुलाच्या आईजवळ जाऊन तो कसा आहे, असे विचारणार आहे.